पत्ता : माहीत नाही

परदेशातल्या अनाथाश्रमात स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर बरोबर काय काय घ्यावं, याच्या याद्या हल्ली हव्या तितक्या मिळतात. कावीळ आणि टायफॉइडच्या लसी, विम्याचे कागद, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, अंगभर कपडे; शिवाय मुलांसाठी फुगे, रंगीत खडू, स्टिकर. निवृत्तीनंतर मी काठमांडूला जायचं ठरवलं तेव्हा मुलाने हौसेने अशा याद्या छापून आणून दिल्या. लसी मी घेतल्या. बाकी जी काही तयारी लागते ती उल्हासनगरात बरीच वर्षं चालू होती, फक्त तेव्हा तिला तयारी म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

माझी नोकरी बँकेतली, शेवटची शाखा उल्हासनगर कॅम्प तीनमधली. घर बदलापूरला. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. त्या दिवशी घरातली साठलेली कामं उरकायची असा बेत होता. तो फार टिकला नाही. एका खातेदार बाईंच्या ओळखीने मी मुलींच्या एका बालगृहात जाऊ लागले. बालगृहाचं नाव इथे सांगत नाही आणि मुलींच्या हकिकतींतले तपशीलही ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे : मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्याने ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम मला तिथे पाय ठेवल्या दिवशीच वाचून दाखवलं गेलं आणि खाली सही घेतली गेली.

पहिल्या दिवशी मी गोष्टींची दोन पुस्तकं आणि एक पझल घेऊन गेले होते. अधीक्षिकाबाईंनी ती ठेवून घेतली, चहा सांगितला आणि विचारलं, ‘‘बँकेत आहात ना? मग अक्षर बरं असेल.’’ आणि समोर एक जाड नोंदवही ठेवली. आडव्या रकान्यांत नाव, अंदाजे वय, कुठे सापडली, कोणी आणलं, अंगावर काय होतं, पालक, पत्ता. पालकांच्या रकान्यात कुठे कुठे काही लिहिलेलं होतं. पत्त्याच्या रकान्यात पानंच्या पानं एकाखाली एक ‘माहीत नाही’. काही ठिकाणी लिहिणाऱ्याने कंटाळून नुसतं ‘मा. ना.’ केलेलं.

बँकेच्या माणसाला हे बघवत नाही. आमच्याकडे पत्त्याच्या पुराव्याशिवाय साधं बचत खातं उघडत नाही. वीजबिल जुनं असेल तर माणसाला परत पाठवतो. इथे एवढ्या मुली आत आल्या होत्या आणि त्या कुठून आल्या ते कुणालाच माहीत नव्हतं.

तसं पत्त्याच्या बाबतीत उल्हासनगर मुळातच वेगळं गाव. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून उतरवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. आजही इथे लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर, बॅरक नंबर आणि खोली नंबर सांगतात. माझ्या काउंटरवर पेन्शनला येणारे एक आजोबा होते. लहानपणी शिकारपूरहून आले. ते फॉर्मवर ‘कायमचा पत्ता’ या ओळीपाशी दर वेळी पेन थांबवायचे आणि मग बॅरक नंबर लिहायचे. बोलायचे काही नाहीत. सांगायचं म्हणजे, पत्ता तुटलेली माणसं या गावाला नवी नाहीत.

तर अधीक्षिकाबाईंनी मला काम दिलं ते असं : जुन्या नोंदी नीट उतरवून काढायच्या, नव्या मुलीची नोंद होताना बाजूला बसायचं आणि ती जे बोलेल ते लिहायचं. अट एकच होती. ‘‘ती म्हणेल तसंच लिहा. तुमच्या भाषेत नको, शहाणपण घालून तर नकोच नको.’’ मूल रडतंय हे लिहायचं असेल तर कशावर रडतंय, कुणाचं नाव घेऊन रडतंय, कोणत्या बोलीत रडतंय ते लिहायचं. मराठी म्हणजे कुठली मराठी? ‘आलंय’ म्हणते की ‘आलंया’? पाण्याला काय म्हणते? आईला काय म्हणते?

या अटीचं मोल एका मुलीने दाखवून दिलं. वय सहाच्या आसपास. कल्याण स्टेशनवर सापडलेली. कल्याण हे मुलं हरवायला फार सोयीचं ठिकाण आहे; कसाऱ्याची आणि कर्जतची अशा दोन्ही लाइनी तिथे मिळतात, लांबच्या गाड्या थांबतात, आणि चुकीच्या गाडीतून उतरलेलं मूल कुठल्या दिशेने आलं हे कोणालाच सांगता येत नाही. या मुलीने नाव सांगितलं ते लाडाचं. आडनाव नाही. वडिलांचं नाव ‘पप्पा’. कुठे राहतेस म्हटलं तर ‘घरी’. पोलिसांनी विचारलं, बाल कल्याण समितीपुढे विचारलं, अधीक्षिकाबाईंनी विचारलं, उत्तर तेच. पत्ता माहीत नाही.

प्रश्न विचारणं बंद केल्यावर ती बोलू लागली. एका शनिवारी मावशी मेथी निवडत बसल्या होत्या (मुलींना सांभाळणाऱ्या बायकांना तिथे सगळे मावशीच म्हणतात), मुलगी शेजारी देठं वेगळी करत होती आणि मी वही घेऊन जवळ होते. ती सांगत होती की सकाळी भोंगा वाजला की पप्पा डबा घेऊन पळतात. मी लिहिलं, ‘सकाळी भोंगा वाजतो. पप्पा डबा घेऊन पळतात.’ शेजारची आजी तिला खारी देते. लिहिलं. मग म्हणाली, आम्ही देवाला जातो. कुठल्या देवाला? शंकराला. शंकराची देवळं गल्लोगल्ली. मी लिहीत राहिले. ‘‘आमचा देव खाली असतो,’’ ती म्हणाली. खाली म्हणजे? ‘‘पायऱ्या उतरून जायचं. खाली अंधार असतो. मला भ्या वाटतं.’’

मावशींचे हात थांबले. मावशी अंबरनाथच्या. अंबरनाथचं शिवमंदिर, ज्यावर १०६० सालचा शिलालेख आहे, त्याचं गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. जगभरचे अभ्यासक ते शिल्पांसाठी बघायला येतात. सहा वर्षांच्या मुलीला त्यातलं लक्षात राहिलं ते एवढंच, की देव खाली असतो. भोंगा म्हणजे कारखाना, कारखाना म्हणजे एमआयडीसी किंवा ऑर्डनन्स फॅक्टरी. मावशींनी तिथल्या तिथे दोन वस्त्यांची नावं घेतली.

पुढे मुलगी लगेच घरी गेली असं वाटत असेल तर तसं नव्हतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता फोटो घेऊन वस्तीत फिरला, खारीवाली आजी सापडली, आजीने घर दाखवलं. मग आईवडिलांची ओळखपत्रं, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला (तो नव्हताच), पोलिसांतली हरवल्याची तक्रार, गृहभेटीचा अहवाल, बाल कल्याण समितीचा आदेश. आईवडील रोज येऊन फाटकाशी बसत. मला त्या दिरंगाईचा तेव्हा राग यायचा. आता येत नाही. मूल मागायला आलेला प्रत्येक माणूस त्याचा बापच असतो असं नाही, आणि हे तपासायला वेळ लागतो. मुलगी गेली त्या दिवशी नोंदवहीत पत्त्याच्या रकान्यात मी संपूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट.

त्यानंतर माझं पुस्तकं नेणं आपोआप बंद झालं. गोष्टी सांगणारे पुष्कळ यायचे.

रविवारी तर रांग असायची. वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा पंचविसावा. एकाच रविवारी दोन कुटुंबांकडून जेवण, वर केक, वर आईस्क्रीम, आणि सोमवारी निम्म्या मुलींची पोटं बिघडलेली. माणसं वाईट नव्हती. उल्हासनगरचे व्यापारी सढळ हाताचे. गजानन मार्केटमधून कापडाचे तागेच्या तागे कुणी नाव न सांगता पाठवून द्यायचं. पण आलेल्याला मुलींबरोबर फोटो हवा असायचा, आणि फोटो मिळणार नाही म्हटलं की चेहरा उतरायचा. एका गृहस्थांनी मला ऐकवलं, ‘‘मॅडम, आम्ही काय चोर आहोत?’’ कलम ७४ त्यांना समजावणं हे पुढे माझंच काम होऊन बसलं, कारण कर्ज नाकारण्याचा सराव मला होता.

पाहुण्यांपुढे मुली ओळीत उभ्या राहून ‘नमस्ते’ म्हणायच्या. ओळ मोडली की दोन-तीन लहानग्या धावत जाऊन अनोळखी बाईच्या मांडीवर बसायच्या, गळ्यात हात टाकायच्या. बाई हरखून जायची : किती माया लावतात हो ही मुलं! मावशी हे बघून तोंड फिरवायच्या. घरात वाढलेलं तीन वर्षांचं मूल परक्याला बघून आईच्या पदरामागे लपतं, तेच निरोगी असतं. जे कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतं, त्याचा ‘आपलं कोण’ हा हिशेब कुठेतरी बिघडलेला असतो. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला, त्यात आईपासून किंवा आईच्या जागी असलेल्या माणसापासून तुटलेल्या मुलांचं काय होतं ते मांडलं होतं. पुढे रुमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांवर दीर्घ अभ्यास झाले. मावशींनी यांतलं काहीच वाचलं नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, ‘‘ह्या येतात, लळा लावतात आन् जातात. रात्री रडं आमी काढतो.’’

कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट प्रकल्पासाठी आला होता. उत्साही, हुशार पोरं. त्यांनी भिंती रंगवल्या, नाच बसवला. प्रकल्पाचे गुण मिळाले आणि येणं बंद झालं, ते तर ठरलेलंच होतं. एक मुलगी मात्र त्यानंतर शनिवारी माझी पिशवी धरून विचारायची, ‘‘त्या ताईची परीक्षा संपली का?’’ तिला कुणीतरी सांगितलं होतं की ताईची परीक्षा आहे. ती परीक्षा वर्षभर संपली नाही.

मी मावशींना विचारलं होतं की तुम्हाला माझा काय उपयोग होईल. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, ‘‘दुपारी दोन तास फोन आन् गेट बघाल का? झोप काढीन.’’ चोवीस तासांची ती नोकरी. रात्री कुणाला ताप, कुणी अंथरूण ओलं केलेलं, कुणी घाबरून उठलेली. तेव्हापासून शनिवारी दुपारी मी ऑफिसात बसून फोन घेते, गेटवरची नोंद करते आणि मावशी झोपतात. माझ्या सगळ्या सेवेत सर्वांत जास्त दुवा याच कामाला मिळाला आहे.

नोंदवही उतरवता उतरवता आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मुलींचे पत्ते माहीत होते, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना आई होती. काहींना बापही होता. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून कारवाई झाली आणि कॅम्प पाचकडचे जीन्स धुण्याचे कारखाने बंद पडले किंवा दुसरीकडे गेले, तेव्हा हातावर पोट असलेल्या बायकांची कामं गेली. त्यांतल्या एका विधवा बाईने दोन मुली आणून सोडल्या. ती दर महिन्याला भेटायला यायची, पिशवीत केळी आणि डोक्याचं तेल घेऊन. तिला मुली नको होत्या असं अजिबात नव्हतं. खोलीचं भाडं आणि दोन पोरींचं पोट तिला एकटीला झेपत नव्हतं, एवढंच. मुलींना बालगृहात ठेवायला सरकारचा जो खर्च होतो त्याहून कमी पैशांत त्या आईजवळ राहू शकल्या असत्या.

त्यासाठी योजनाही आहे. बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीतल्या मुलाला घरीच सांभाळण्यासाठी दरमहा पैसे मिळतात. ४२५ रुपये होते, त्याचे ११०० झाले आणि २०२३मध्ये २२५० झाले. उल्हासनगरच्या भाड्यापुढे ही रक्कम काही फार नाही, पण आईच्या बाजूचं पारडं थोडं खाली येतं. अर्ज भरायला मात्र पतीचा मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलींचं आधार, बँक पासबुक हे सगळं हवं. त्या बाईचं खातं मीच उघडून घेतलं. पत्त्याच्या पुराव्यासाठी घरमालक सही देईना, कारण भाडेकरारच नव्हता. त्या सहीसाठी मी जेवढी पायपीट केली तेवढी कुणाच्या कर्जवसुलीसाठीही केली नसेल. मुली घरी गेल्या. त्यांच्यासाठी गोष्टींची पुस्तकं आणणारी काकू म्हणून मी तिथे वर्षानुवर्षं गेले असते, तरी त्या तिथेच राहिल्या असत्या.

कागदाला लोक कोरडा म्हणतात. अधीक्षिकाबाई आधी एका जुन्या संस्थेत होत्या, तिथली गोष्ट त्यांनी मला सांगितली. सत्तरच्या दशकात आपल्याकडची बरीच बाळं युरोपात दत्तक गेली. त्या व्यवहारात इतका गोंधळ होता की एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्यावरून १९८४चा लक्ष्मीकांत पांडे खटल्याचा निकाल आला; परदेशी दत्तकाचे नियम त्यातून सुरू झाले. तर त्याआधी गेलेली एक बाई, आता पन्नाशीकडे झुकलेली, स्वीडनहून आली. मराठीचा एक शब्द येत नाही. तिला आई सापडेल अशी आशाही नव्हती. जुनं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे कुण्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं : अंगात पिवळं झबलं, कमरेला काळा करगोटा, आणणारी बाई भांडी विकणारी, ‘पोरीला दूध पाजून आणली आहे’ म्हणाली. दुभाष्याने वाचून दाखवलं. ती बाई पुन्हा पुन्हा ते शेवटचं वाक्य वाचायला सांगत राहिली. त्या कारकुनाला हे लिहिण्याचा जादा पगार मिळाला नसणार. रकान्यात जागाही नव्हती, त्याने समासात लिहिलं होतं.

आता नेपाळकडे येते.

निवृत्तीनंतर तीन महिने परदेशी जाऊन असंच काही काम करावं असं मनात होतं, आणि नेपाळ जवळचं. भारतीयांना व्हिसा लागत नाही. एका कंपनीशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांनी आठवड्यागणिक दर कळवले, राहणं-जेवण धरून, वर पोखऱ्याची सहल. माहितीपत्रकावर मुलांचे हसरे चेहरे, नावं, वयं. आपल्याकडे छापले असते तर कलम ७४ लागलं असतं. काम काय? मुलांशी खेळणं, इंग्रजी शिकवणं, ‘प्रेम देणं’. मी विचारलं की मुलांची कुटुंबं कुठे आहेत, त्याचे कागद कोण ठेवतं. उत्तर आलं की तुम्ही पैसे कधी भरणार.

हा पत्रव्यवहार चालू असतानाच २०२४चा ऑगस्ट आला. बदलापुरात एका शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी फुटली आणि २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दिवसभर लोकल बंद. मी घरातच होते. स्टेशनवरच्या घोषणांचा आवाज येत होता. त्यानंतर सगळीकडे एकच विषय, लहान मुलांजवळ जाणाऱ्या माणसाची पोलीस पडताळणी झाली आहे का? शिपाई, बसचालक, सफाई कामगार, सगळ्यांची. आमच्या बालगृहाने माझीही पुन्हा करून घेतली, इतक्या वर्षांनंतर, आणि मला ते बरं वाटलं. मग सहज मनात आलं : काठमांडूच्या त्या कंपनीने माझ्याकडे लसीकरणाचं प्रमाणपत्र मागितलं, पैशांची पावती मागितली. मी कोण, कशी, लहान मुलांजवळ मला एकटी सोडावी की नाही, हे एकदाही विचारलं नाही. जगातला कुठलाही माणूस आठवड्याचे पैसे भरून त्या मुलांच्या खोलीत जाऊ शकत होता. मी पत्रव्यवहार थांबवला.

मग वाचायला लागले. नेपाळच्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे तिथल्या सरकारला आणि युनिसेफला माहीत आहे. बालगृहं तरी कुठे? काठमांडू, पोखरा, चितवन, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. यादवीच्या काळात, १९९६ ते २००६, हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल मुलं खाली आणायचे. आईबापांना सांगायचे की शहरात शिकवतो, पैसे त्यांच्याकडूनच घ्यायचे, आणि इकडे मुलाला अनाथ ठरवणारे कागद करायचे. जिवंत माणसांचे मृत्यूदाखले. कागदांच्या या खोटेपणावरूनच २०१०मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधून दत्तक घेणं थांबवलं. कंबोडियातही तेच चित्र : पर्यटक वाढले तशी अनाथालयं वाढली आणि त्यांतल्या चारपैकी तीन मुलांना पालक होते. २०१९च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेचं नाव घेऊन तिच्यातून होणारी हानी रोखायला सांगितलं.

सरळ बोलायचं तर, मुलं बघायला पाहुणे येतात म्हणून मुलं गोळा केली जातात. आमच्या रविवारच्या केकवाल्यांचंच हे मोठं रूप. फरक इतका की उल्हासनगरात बाल कल्याण समिती आहे, कलम ४१खाली नोंदणी आहे, तपासणीला माणसं येतात. कशी येतात, किती वेळा येतात यावर मी तासभर बोलू शकते, पण येतात.

शेवटी मला हवं ते काम नेपाळमध्येच मिळालं. मुलांना परत घरी पोहोचवणाऱ्या एका छोट्या संस्थेला जुन्या फायली लावून, तपासून, संगणकावर चढवून देणारं माणूस हवं होतं. पत्रात त्यांनी आधीच स्पष्ट केलं : मुलांशी तुमचा संबंध येणार नाही. आमच्या भिशीत हे सांगितल्यावर मैत्रिणी चकितच झाल्या. एकीने विचारलं, ‘‘मग जाऊन उपयोग काय? फायली तर तू इथेही लावतेस.’’

तयारी आता वेगळ्याच गोष्टींची चालली आहे. नेपाळी लिपी आपलीच, त्यामुळे वाचता येतं. अर्थ लागेपर्यंत मात्र पहिलीच्या मुलासारखं बोट ठेवून बसावं लागतं. तारखा विक्रम संवतातल्या. फायलीत जन्मसाल २०६२ दिसलं की दचकायचं नाही, सत्तावन्न वजा करायचे, आणि महिना बघून कधी छप्पन्न. नेपाळी वर्ष आपल्या एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा मुलाचं वय काढताना एक वर्ष इकडेतिकडे सहज होतं, आणि एका वर्षाने मूल कुठल्या कायद्यात बसतं ते बदलू शकतं. मी एक तक्ता करून पासपोर्टच्या पिशवीत ठेवला आहे.

सर्वांत अवघड प्रकरण पत्त्यांचं. नव्या राज्यघटनेनंतर २०१७मध्ये नेपाळने जुन्या गाव विकास समित्या मोडून देशभर ७५३ स्थानिक पालिका केल्या. जुन्या फायलींतला पत्ता असतो मोडलेल्या समितीचा. वॉर्ड नंबरही बदललेले. जुनं गाव आज कुठल्या पालिकेत, कुठल्या वॉर्डात येतं याचा तक्ता लावल्याशिवाय माणूस डोंगरात पाठवता येत नाही, कारण चुकीच्या खोऱ्यात उतरलं तर दोन दिवस पायी फिरावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला शिकारपूरचे आजोबा आठवले आणि हसूही आलं. बॅरक नंबरांवर आयुष्य काढल्यामुळे मला यात भीती वाटत नाही.

संस्थेने तिहारनंतर, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर यायला सांगितलं आहे. दशैंच्या, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या दिवसांत त्यांची माणसं मुलांना घेऊन डोंगरात गावोगाव गेलेली असतात, परत येतात ती नव्या नोंदी घेऊनच. कल्याणहून गोरखपूरचं रिझर्वेशन केलं आहे, पुढे सोनौलीहून बस. घरच्यांचा आग्रह विमानाचा, पण बसमधून लोकांची बोली कानावर पडेल.

इथल्या शनिवारचं काय, हा अधीक्षिकाबाईंचा प्रश्न होता. आमच्या सोसायटीतली एक मुलगी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सुट्टीत पंधरा दिवस कंबोडियाला जायचं होतं, अशाच एका कंपनीमार्फत. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. कंपनीला विचारायला दोन प्रश्न दिले, पोलीस पडताळणी मागता का आणि मुलांना घरी पाठवण्याचं काम कोण करतं. उत्तरं वाचून ती स्वतःच माझ्याकडे आली. तिची पडताळणी झाली, हमीपत्रावर सही झाली, निदान वर्षभर येईन असं लिहून दिलं, आणि आता ती शनिवारी माझ्या शेजारी वही घेऊन बसते. तिला कॉलेजातली भाषा लिहायची सवय. ‘मुलगी भेदरलेल्या मनःस्थितीत आहे,’ असं लिहिते. मी ते खोडते आणि म्हणते, भेदरलेली म्हणजे तिने काय केलं ते लिही. परवा एक नवी मुलगी आली, आठेक वर्षांची, कुणाशी बोलेना. हिने लिहिलं : ‘चपला काढत नाही. झोपतानाही पायात.’ ते ठेवलं. रात्री मावशींनी गोडीगुलाबीने चपला उतरवल्या, तर आतल्या बाजूला दुकानाचा शिक्का निघाला, अर्धा पुसलेला, गुजराती अक्षरांत. अधीक्षिकाबाईंनी फोटो काढून ठेवला आहे. सोमवारी सकाळी सुरत आणि वलसाडच्या बाल संरक्षण कक्षांना फोन करायचे आहेत.